एलिझाबेथ लाइन: डिसेंबर 2018 ची गाडी मे 2022 मध्ये का आली?

प्रश्न थोडक्यात असा आहे. लंडनची एलिझाबेथ लाइन, म्हणजे बांधकामाच्या काळातली क्रॉसरेल, 9 डिसेंबर 2018 ला सुरू होणार होती. त्या वर्षीच्या उन्हाळ्यापर्यंत ‘वेळेत आणि बजेटमध्ये’ हेच पालुपद चालू होतं. 31 ऑगस्टला अचानक जाहीर झालं की गाडी पुढच्या वर्षाच्या शरद ऋतूत येईल, आणि प्रत्यक्षात प्रवासी बसले ते 24 मे 2022 ला. बोगदे तर 2015 मध्येच खणून झाले होते. मग सात वर्षं केलं काय? तीन महिने आधीपर्यंत खरंच कुणाला कळलं नव्हतं, की कळूनही सांगितलं नाही? आणि आपल्याकडे मेट्रोची तारीख जाहीर होते तेव्हा तिच्यावर कितपत विसंबायचं?

माझी सगळी नोकरी सिग्नलिंग आणि टेस्टिंग-कमिशनिंगमध्ये, म्हणजे यंत्रणा तपासून चालू करून देण्याच्या कामात, गेली. क्रॉसरेलवर मी नव्हतो, पण आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने त्या प्रकरणाचा अभ्यास केला आहे. ब्रिटनच्या राष्ट्रीय लेखापरीक्षण कार्यालयाचा मे 2019 चा अहवाल तर मी कनिष्ठ सहकाऱ्यांना वाचायलाच लावायचो. तुमच्या प्रश्नाचं एका वाक्यातलं उत्तर हवं असेल तर: ती लाइन तारखेमुळे लांबली. तारीख चुकली हे खरं, पण ती तारीख न हलवण्याच्या हट्टाने जे करायला लावलं, त्यातून काही महिन्यांचा उशीर काही वर्षांचा झाला. आता हे सविस्तर.

आधी काम केवढं होतं ते पाहू. पश्चिमेला रेडिंग आणि हीथ्रो विमानतळ, पूर्वेला शेनफिल्ड आणि ॲबी वुड, मध्ये लंडनच्या पोटातून जाणारे नवे जुळे बोगदे. मार्ग शंभर किलोमीटरहून लांब, स्थानकं 41, त्यांतली दहा नवी. दोन्ही दिशांचे मिळून 42 किलोमीटर बोगदे आठ टीबीएमनी, म्हणजे बोगदा खणणाऱ्या यंत्रांनी, 2012 ते 2015 या तीन वर्षांत खणले. शेवटचं यंत्र मे 2015 मध्ये फॅरिंग्डनला बाहेर आलं आणि वर्तमानपत्रांत फोटो झळकले. तीस लाख टनांहून जास्त माती निघाली, त्यातली बरीचशी एसेक्समधल्या वॉलसी बेटावर पक्ष्यांसाठी पाणथळ जागा तयार करायला गेली. जुन्या इमारती, गटारं, भुयारी रेल्वेच्या चालू मार्गिका यांच्यामधून हे खणकाम झालं. स्थापत्य अभियंत्यांना याबद्दल जेवढं श्रेय द्यावं तेवढं थोडंच.

गैरसमज सुरू होतो तोही इथूनच. लोकांना वाटतं, सर्वांत अवघड काम भुयाराचं, ते झालं की रूळ टाकायचे, तारा ओढायच्या, गाडी आणायची. बोगदा खणणं धोक्याचं असतं, महाग असतं, पण ते मोजता येतं. आज यंत्र किती मीटर पुढे गेलं हे संध्याकाळी कळतं. पुढची कामं अशी नसतात. स्थानकात केबल ओढली, पेटी बसवली, दिवा लागला. पण ती पेटी दूरच्या नियंत्रण कक्षाशी बोलते का, आणि बोगद्यात धूर झाला तर पंखे, दरवाजे, घोषणा, सिग्नल हे सगळे योग्य क्रमाने वागतात का, हे सगळं जोडून चालवल्याशिवाय कळत नाही. टॉवर उभा राहिला, रंग लागला, गॅलरीत कुंड्यासुद्धा आल्या, पण भोगवटा प्रमाणपत्र नाही म्हणून ताबा मिळत नाही, हे आपल्याकडच्या घर घेणाऱ्यांना वेगळं सांगायला नको. रेल्वेत त्या प्रमाणपत्रामागे हजारो चाचण्या असतात आणि प्रत्येकीचा कागद असतो.

क्रॉसरेलमध्ये त्यातही एक खास गुंता होता आणि तोच माझ्या विषयाचा असल्यामुळे इथे जरा रेंगाळतो. एकाच गाडीला तीन वेगवेगळ्या सिग्नल यंत्रणांखाली धावायचं होतं. मधल्या बोगद्यांत सीमेन्सची सीबीटीसी: रुळाकडेला दिव्यांचे सिग्नल नाहीत, गाडी रेडिओवरून आपली जागा सतत कळवते, संगणक तिला किती पुढे जायचं ते सांगतो, आणि तासाला 24 गाड्या, म्हणजे दर अडीच मिनिटांनी एक, अशा अंतराने त्या आपोआप चालतात. पूर्वेला आणि पश्चिमेला जमिनीवर जुने राष्ट्रीय रेल्वेचे रूळ; तिथे दिव्यांचे सिग्नल आणि त्यांच्यासोबतची ब्रिटिश संरक्षक यंत्रणा, गाडी चालकाच्या हातात. हीथ्रोच्या बोगद्यात तिसरी, ईटीसीएस ही युरोपीय प्रणाली. म्हणजे हीथ्रोहून निघालेली गाडी लंडनच्या मध्यभागी पोहोचेपर्यंत एकीच्या ताब्यातून दुसरीच्या, दुसरीच्या ताब्यातून तिसरीच्या ताब्यात जाणार, तेही प्रवाशाला काही न जाणवता.

हा ताबा बदलण्याचा क्षण फार नाजूक असतो. नव्या यंत्रणेला गाडीची जागा पटली पाहिजे, रेडिओ जोडला गेला पाहिजे, ब्रेकचा अधिकार कुणाकडे आहे याबद्दल सेकंदभरही संदिग्धता चालत नाही. जराही शंका आली की यंत्रणा सुरक्षित बाजूला झुकते, म्हणजे ब्रेक लावते. एक गाडी तोंडाशी थांबली की अडीच मिनिटांनी दुसरी, पाच मिनिटांनी तिसरी तिच्या मागे उभी. भरीला पॅडिंग्टनच्या पुढे गाड्या उलट फिरवण्यासाठी स्वयंचलित सोय ठेवली होती: चालक फलाटावर बटण दाबून गाडीतूनच दुसऱ्या टोकाकडे चालत निघतो, तोवर गाडी स्वतःच साइडिंगमध्ये, म्हणजे बाजूच्या रुळावर, जाते, आणि तो पोहोचेपर्यंत परत यायला तयार असते. दोनशे मीटरहून लांब गाडी आहे, त्यामुळे वेळ वाचतो. कल्पना सुंदर. पण अशी प्रत्येक सुंदर कल्पना सॉफ्टवेअरमध्ये शेकडो नव्या शक्यता घेऊन येते.

गाड्या बॉम्बार्डियरने डर्बीत बनवल्या, नऊ डब्यांच्या सत्तर. सिग्नल सीमेन्सचे. गाडीचा स्वतःचा संगणक, सीबीटीसीचा गाडीतला संगणक आणि फलाटावरचे काचेचे सरकते दरवाजे, हे तिघे एकमेकांशी बोलल्याशिवाय एकही दार उघडत नाही. गाडीला एका बाजूला 27 दारं, फलाटावर तेवढीच. एखादं दार उघडलं नाही किंवा बंद झाल्याचा संदेश आला नाही तर गाडी हलणार नाही. आमच्याकडे याला इंटरफेस म्हणतात, आणि प्रकल्पाचा सगळा ताप तिथेच असतो. यंत्र अ उत्तम, यंत्र ब उत्तम, दोघांचे कारखान्यातले चाचणी अहवाल स्वच्छ. जोडले की अबोला.

हा अबोला सुटतो कसा? गाडी चालवून. त्रुटी सापडते, ती नोंदवली जाते, सॉफ्टवेअर लिहिणारे दुरुस्ती करतात, ती आधी प्रयोगशाळेत तपासतात, सुरक्षा परीक्षक तिचे कागद पाहतात, मग नवी आवृत्ती गाडीवर आणि रुळाकडेच्या यंत्रणेवर चढते, आणि पुन्हा गाडी चालवायची. अशा एका फेरीला महिने लागतात. माणसं दुप्पट केली म्हणून ती निम्म्या वेळात होत नाही, उलट नवी माणसं जुन्यांचा वेळ खातात. पहिल्या आवृत्तीत एक गाडी धड धावते, पुढच्या एखाद्या आवृत्तीत चार गाड्या, आणि भर गर्दीच्या वेळेला साजेसा भरवसा यायला बऱ्याच आवृत्त्या जातात. काँक्रीटच्या कामात रात्रपाळी लावून मागचं भरून काढता येतं. इथे ती सोय जवळजवळ नसते.

आता तारखेकडे येऊ. मुळात हा मार्ग 2017 मध्ये सुरू व्हायचा होता. 2010 मध्ये ब्रिटिश सरकारने खर्चकपात केली तेव्हा काम वर्षभर पुढे ढकललं आणि बजेट 15.9 अब्ज पौंडांवरून 14.8 अब्जांवर आणलं. तेव्हापासून डिसेंबर 2018 ही तारीख जणू दगडावर कोरली गेली. लंडनच्या परिवहन खात्याने तिकिटाचं उत्पन्न त्या महिन्यापासून गृहीत धरलं. ॲबी वुडसारख्या एरवी कुणी नाव न घेणाऱ्या भागात घरांच्या किमती तिच्या भरवशावर चढल्या. 2016 मध्ये राणीच्या हस्ते लाइनला तिचं नावही दिलं गेलं. अशी तारीख हलवायची म्हणजे केवढं राजकीय धैर्य लागतं याची कल्पना करा.

खाली मात्र स्थानकांची कामं मागे पडत होती. बाँड स्ट्रीट आणि व्हाइटचॅपल ही त्यातली ठळक नावं. गजबजलेल्या शहराखाली, चालू भुयारी स्थानकांना चिकटून काम, प्रत्येक स्थानकाचा आराखडा वेगळा, कंत्राटदार वेगळा. एकूण 36 मोठी कंत्राटं होती, आणि त्यांचा एकमेकांशी मेळ घालण्याची जबाबदारी, म्हणजेच जोखीम, क्रॉसरेल कंपनीने स्वतःकडे ठेवली होती. त्यात गैर काही नाही, कुणीतरी ती घ्यावीच लागते. पण मग तुमच्याकडे असं एकच तपशीलवार वेळापत्रक हवं, की ज्यात व्हाइटचॅपलची केबल खोली तीन आठवडे उशिरा मिळाली तर सिग्नलच्या कोणत्या चाचणीला धक्का बसतो ते दिसेल. लेखापरीक्षकांनी नेमकं तेच नसल्याचं दाखवून दिलं. प्रत्येक कंत्राटाचं आपापलं वेळापत्रक होतं. सगळ्यांना जोडणारं, विश्वास ठेवावा असं नव्हतं.

मग काय झालं? स्थानकं लांबली, रुळांचं आणि विजेचं काम लांबलं, पण शेवटची तारीख जागची हलली नाही. मधली जागा कुणाची आकसली? चाचणीची. हे जगभर असंच होतं, आणि आमच्या जमातीची ही जुनी तक्रार आहे: सगळ्यांचा उशीर शेवटी टेस्टिंगवाल्यांच्या पानात वाढला जातो. आधी बांधकाम पूर्ण, मग चाचणी असा क्रम ठरलेला होता. तो मोडून दोन्ही एकाच वेळी करायचं ठरलं. कागदावर त्याने महिने वाचतात. प्रत्यक्षात त्याच बोगद्यात दोन्ही कामं एका वेळी होत नाहीत. गाडी चालवायची तर वरच्या तारेत 25 हजार व्होल्ट सोडावे लागतात, बोगद्यातला शेवटचा माणूस, शेवटची शिडी, शेवटचा मोकळा नट बाहेर आल्याची सही घ्यावी लागते. दोन दिवस चाचणी, मग पुन्हा वीज बंद, मग वायरमन आत, मग पुन्हा तपासणी, पुन्हा वीज. अदलाबदलीतच निम्मा वेळ जातो. आणि काल चाचणीत पास झालेली खोली आज दुसऱ्या कंत्राटदाराने केबल सरकवली म्हणून पुन्हा तपासावी लागते. म्हणजे वेळ वाचवायला जे केलं त्याने बांधकामही मंदावलं आणि चाचणीही. तारखेमुळे लाइन लांबली म्हणतो ते या अर्थाने.

त्यातच नोव्हेंबर 2017 मध्ये पुडिंग मिल लेनच्या उपकेंद्रात पहिल्यांदा वीज सोडताना ट्रान्सफॉर्मरचा स्फोट झाला. बोगद्यात गाडी चालवून करायच्या चाचण्या त्यामुळे लांबल्या आणि फेब्रुवारी 2018 मध्ये सुरू झाल्या. बातम्यांत हाच स्फोट उशिराचं कारण म्हणून गाजला. माझ्या मते तो निमित्त होता. ज्या वेळापत्रकात थोडी सवड असते ते असा धक्का पचवतं. इथे सवड आधीच खर्च झाली होती. फेब्रुवारीत पहिली गाडी आणि डिसेंबरात प्रवासी, मध्ये दहा महिने, तेही अर्धवट बोगद्यात, तीन सिग्नल यंत्रणा आणि सॉफ्टवेअरच्या एवढ्या फेऱ्या. हे जमणार नाही हे आमच्या क्षेत्रातल्या कुणालाही बोटांवर मोजून सांगता आलं असतं.

मग कळलं नव्हतं की लपवलं? मला दोन्ही शब्द अपुरे वाटतात. खाली काम करणाऱ्यांना माहीत होतं, ते नेहमीच माहीत असतं. पण प्रत्येक पायरीवर अहवाल चढताना त्याची धार कमी होते. कंत्राटदार म्हणतो, चार महिने मागे आहोत पण तीन भरून काढू. त्याचा साहेब लिहितो, एक महिना मागे, उपाय चालू. त्याच्या वरच्या तक्त्यात तो चौकोन लाल न होता पिवळा होतो. मंडळापुढे जाईपर्यंत ‘आव्हानात्मक पण साध्य’. यात कुणी एक माणूस सरळ खोटं बोललेला नसतो. जुलै 2018 मध्ये सरकारने जादा 59 कोटी पौंड देत असल्याचं संसदेला सांगितलं, तेव्हाही डिसेंबर कायम होता. लंडनच्या महापौरांना नेमकं कधी कळलं यावर नंतर महापौरांच्या कारभारावर लक्ष ठेवणाऱ्या लंडन असेंब्लीत पुष्कळ खडाजंगी झाली. वर्ष सरता सरता क्रॉसरेलच्या अध्यक्षांनी राजीनामा दिला.

टक्केवारीनेही घोळ घातला. त्या काळात प्रकल्प नव्वद टक्क्यांहून अधिक पूर्ण असल्याचं सांगितलं जात होतं. ते खोटं नव्हतं, फक्त टक्के झालेल्या कामाच्या किमतीवरून काढतात. बोगदे, रूळ, फलाट यांत पैसा ओतला जातो, म्हणून आकडा भराभर चढतो. चाचणीला पैसा त्या मानाने कमी, वेळ फार. शेवटच्या दहा टक्क्यांत कॅलेंडरचा तिसरा हिस्सा दडलेला असू शकतो. ‘95 टक्के काम पूर्ण’ अशी बातमी वाचली की मी लगेच पाहतो, उरलेल्या पाचात काय आहे. बागकाम आणि पार्किंग असेल तर ठीक. सिग्नलचं सॉफ्टवेअर असेल तर अजून बरंच बाकी आहे.

नोव्हेंबर 2018 मध्ये मार्क वाइल्ड मुख्य अधिकारी म्हणून आले. त्यांनी पहिलं काम केलं ते तारीख काढून टाकण्याचं. लोक चिडले, माध्यमांनी झोडपलं, पण मला ते त्या सगळ्या प्रकरणातलं सर्वांत शहाणपणाचं पाऊल वाटतं. काम खरंच किती उरलंय ते मोजल्याशिवाय दिवस सांगायचा नाही. एप्रिल 2019 मध्ये त्यांनी एका दिवसाऐवजी सहा महिन्यांची खिडकी दिली, ऑक्टोबर 2020 ते मार्च 2021. तीही पुढे टिकली नाही. 2019 च्या अखेरीस मामला 2021 वर गेला. मग कोविड आला, मार्च 2020 मध्ये साइट बंद झाल्या, पुन्हा उघडल्या तेव्हा किती माणसं आत घ्यायची यावर मर्यादा आली, आणि ऑगस्ट 2020 मध्ये 2022 चा पूर्वार्ध जाहीर झाला. तो पाळला गेला. त्याच सुमारास एक गोष्ट केली गेली जी केव्हाच करायला हवी होती: काही आठवडे गाड्यांच्या चाचण्या पूर्ण थांबवून बोगदा सलग बांधकामवाल्यांच्या हवाली केला. चाचणी थांबवल्याने चाचणी लवकर झाली.

मे 2021 मध्ये चाचणी-फेऱ्या सुरू झाल्या. सुरुवातीला मोजक्या गाड्या, मग तासाला बारापर्यंत. नोव्हेंबर 2021 पासून पुढचा टप्पा: मुद्दाम संकट उभं करायचं. गाडी बोगद्यात बंद पाडायची, स्वयंसेवकांनी भरलेलं स्थानक रिकामं करायचं, दार अडकवायचं, नियंत्रण कक्षातले लोक काय करतात ते बघायचं. बाहेरच्याला हा सगळा वेळकाढूपणा वाटतो. मला विचाराल तर रेल्वेचा खरा जन्म या काही महिन्यांत होतो, कारण तोवर ते यंत्र असतं आणि इथे पहिल्यांदा ते चालवणारी माणसं त्याला ओळखतात.

तरीही 24 मे 2022 ला जे उघडलं ते अपूर्णच होतं, आणि तेही जाणूनबुजून. बाँड स्ट्रीट तयार नव्हतं, गाड्या तिथे न थांबता पुढे गेल्या. ते स्थानक ऑक्टोबरात उघडलं. रविवारी सेवा बंद ठेवली, सॉफ्टवेअर आणि उरलेल्या चाचण्यांसाठी. पूर्वेची, पश्चिमेची आणि मधली सेवा सुरुवातीला वेगवेगळी होती, प्रवाशाला गाडी बदलावी लागायची. नोव्हेंबर 2022 मध्ये ती जोडली आणि पूर्ण वेळापत्रक आलं मे 2023 मध्ये. एका स्थानकासाठी अख्खी लाइन अडवून न धरण्याचा हा निर्णय 2018 मध्ये घेता आला असता का, असं लोक विचारतात. नसता आला. तेव्हा एक स्थानक नव्हे, बहुतेक स्थानकं अपुरी होती आणि सिग्नलही. शेवटचा खर्च जवळपास 19 अब्ज पौंडांवर गेला. आज तिच्यावर वर्षाला वीस कोटींहून अधिक प्रवास होतात, 2024 मध्ये वास्तुरचनेचा स्टर्लिंग पुरस्कारही मिळाला. उशिराची आठवण आता फक्त आमच्यासारख्यांना आणि लेखापरीक्षकांना.

आता आपल्याकडचं. मुंबईची मेट्रो 3, कुलाबा-वांद्रे-सीप्झ, 33.5 किलोमीटर, आरेचं एक सोडून सगळी 26 स्थानकं जमिनीखाली, ही क्रॉसरेलच्या सर्वांत जवळ जाणारी आपली लाइन. पण तिच्या उशिराची जात वेगळी. तिथे कळीचा मुद्दा कारशेड. आरेतली झाडं ऑक्टोबर 2019 मध्ये तोडली गेली, पुढच्याच महिन्यात नव्या सरकारने कामाला स्थगिती दिली, 2020 मध्ये कांजूरमार्गची जागा ठरली, त्या वर्षीच्या डिसेंबरात उच्च न्यायालयाने ते काम थांबवलं आणि 2022 मध्ये पुन्हा सरकार बदलल्यावर शेड परत आरेत आलं. पर्यावरणाची बाजू, सरकारांची बाजू यात मी पडत नाही. तंत्राचं एवढंच सांगतो: शेड नाही म्हणजे गाड्या उतरवायला, उभ्या करायला, तपासायला जागा नाही, आणि गाडी नाही तर चाचणी नाही. बोगदे पुढे जात राहिले, पण ज्या कामाला वेळ विकत घेता येत नाही तेच अडून बसलं. पहिली गाडी चालवून दाखवली ती ऑगस्ट 2022 च्या शेवटी.

एक गोष्ट मात्र मुंबईने बरी केली, टप्प्याटप्प्याने उघडलं. आरे ते बीकेसी ऑक्टोबर 2024, पुढे आचार्य अत्रे चौक मे 2025, आणि कफ परेडपर्यंत ऑक्टोबर 2025. सगळीकडे एकच सिग्नल यंत्रणा असल्यामुळे लंडनचा तो तिहेरी गुंताही नव्हता. टप्प्यांची किंमतही आहे. आचार्य अत्रे चौक स्थानक सुरू होऊन तीन आठवडे व्हायच्या आत, 26 मे 2025 च्या मुसळधार पावसात, बांधकाम चालू असलेल्या प्रवेशद्वारातून पाणी स्थानकात शिरलं आणि सेवा काही दिवस वरळीपर्यंतच ठेवावी लागली. लंडनला चाचणी आणि बांधकाम एकमेकांत मिसळलं, इथे प्रवासी आणि बांधकाम. टप्पा उघडायला हरकत नाही, पण उघडलेला भाग आणि चालू साइट यांच्यामधली भिंत मोसमी पावसाला पुरेल अशी हवी, आणि मुंबईत ते मे महिन्यात तपासायला वेळ उरत नाही.

आपल्याकडे शेवटची सही मेट्रो रेल्वे सुरक्षा आयुक्तांची. गंमत म्हणजे रेल्वे सुरक्षेचा हा आयोग रेल्वे मंत्रालयाखाली न येता नागरी विमान वाहतूक मंत्रालयाखाली येतो, रेल्वेवाल्यांची तपासणी रेल्वेवाल्यांच्या हाताखालच्या माणसाने करू नये म्हणून. त्याआधी लखनौच्या आरडीएसओकडून, म्हणजे रेल्वेच्या संशोधन आणि मानक संस्थेकडून, गाडीच्या दोलन आणि ब्रेकच्या चाचण्या, सिग्नलसाठी स्वतंत्र सुरक्षा परीक्षकाचं प्रमाणपत्र. आयुक्त येऊन गेले, काही अटी घातल्या, अशी बातमी आली तर उद्घाटन आठवड्यांवर आहे असं समजायला हरकत नाही. ते अजून आलेच नसतील आणि नेता तारीख सांगत असेल तर ती त्याची इच्छा आहे.

तुम्ही ‘कितपत विसंबायचं’ विचारलंत म्हणून माझी पद्धत सांगतो. ‘पहिली चाचणी यशस्वी’ या बातमीला मी फारसं महत्त्व देत नाही; हारतुरे घातलेली एक रिकामी गाडी हळू चालवून दाखवणं ही सुरुवात असते, आणि भुयारी मार्गावर तिथपासून प्रवासी बसेपर्यंत वर्ष-दोन वर्षं सहज जातात. वेळापत्रकातल्या अंतराने, अनेक गाड्या एकाच वेळी, रोज, महिनाभर रिकाम्या धावताना दिसल्या की माझा विश्वास बसायला लागतो. रात्री स्थानकाच्या तोंडाशी कंत्राटदारांच्या गाड्या अजून उभ्या राहतात का, हे मी जाता-येता बघतो. कधीकधी कर्मचाऱ्यांची भरती आणि प्रशिक्षण कुठपर्यंत आलंय हे जाहिरातींवरूनच कळतं. चालक आणि नियंत्रक तयार व्हायला महिने लागतात आणि ते कुणी लपवत नाही. आणि अजून वर्ष बाकी असताना कुणी नेमका दिवस सांगत असेल, तर मी त्यात किमान सहा महिने मिळवतो. ‘अमुक ते तमुक महिन्यांच्या दरम्यान, अमुक काम झालं तर’ असं बोलणारा अधिकारी भेटला की त्याचं ऐकतो, भले त्याच्या बातमीला पहिलं पान मिळत नसेल.

नव्या स्थानकाजवळ घर घ्यायचा विचार असेल, तर गाडी येईल त्या वर्षाचं भाडं किंवा हप्ता आजच्या प्रवासखर्चासकट परवडतो का ते आधी बघा. ॲबी वुडला 2018 मध्ये गेलेल्यांनी साडेतीन वर्षं जुन्याच गाड्यांनी प्रवास केला.